मावशीच्या कानावरचा हेडफोन

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वेडंवाकडं. पुढंमागं कुणी वाचलंच, तर सांभाळून घ्यावं.

सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटानं कान बधिर व्हायचे. तिथं आम्ही बाया हातवाऱ्यांनी बोलायचो. ओरडणं मला जमत नाही आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांपुढं मी तोंड उघडायची नाही. शेजारच्या यंत्रावरच्या मावशीकडं मी हेडफोनसाठी पैसेसुद्धा खुणांनीच उसने मागितले.

“गाणी ऐकायची हायेत का गं?” ती ओरडली, पण पैसे दिले.

परभणीत गोंगाट दाबणारा हेडफोन घेतला आणि तो घालूनच रेल्वेनं सेलूला परत निघाले. चाकांची घरघर गेली, पण चहावाल्याची हाक बारीक ऐकू येत होती. कोणता आवाज अडवायचा, हे याला कसं कळतं? मग यंत्रापाशी माझाही आवाज पोचेल का?

उसने थोडेथोडे फेडत आले. हंगामाच्या शेवटच्या पगाराला, यंत्रं चालू असतानाच, मी हेडफोन मावशीच्या कानांवर चढवला. जवळ जाऊन हळूच म्हणाले, “मावशी, हे राहिलेले पैसे.”

ती दचकली. “अगं बया, तुला आवाज हाय की! लय गोड हाय!”

हेडफोन न काढताच तिनं नोटा कनवटीला लावल्या. उसनं पुरतं फिटलं.