केशवभाऊंच्या हॉलमधला फुगवटा

दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी दुपारी या ग्रुपवरचे भुतांचे अनुभव वाचत बसते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. आमच्या घरात अंगारे-धुपारे कधीच नव्हते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, सकाळी वंदना, बस्स. कुणी भुताखेताचा विषय काढला तर माझे वडील ताटावरून उठून जायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय… पण जे झालं ते चार माणसांनी भर उजेडात पाहिलंय, आणि त्यातली एक मी आहे.

माझं आणि नवऱ्याचं, नितीनचं, चंद्रपूरला फ्लोअरिंगचं दुकान आहे. विनाइलचे रोल, रबराच्या टाइल्स, मुलांच्या खोलीसाठी मऊ मॅट — पायाखाली गुबगुबीत लागणारं, वर्षानुवर्षं टिकणारं, दिसायला मात्र थेट सागवानी लाकूड नाहीतर दगड. गिऱ्हाईक मी सांभाळते, फिटिंग नितीन करतो.

आता अनुसया मावशीबद्दल सांगायला हवं. माझ्या आईची मोठी बहीण. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. चिमूरला नेरी रोडवर एक तेंदूपत्त्याचे ठेकेदार राहतात. त्यांना आपण केशवभाऊ म्हणू, हे त्यांचं खरं नाव नाही. त्यांच्याकडे मावशी स्वयंपाक आणि झाडू-पोछा करायची.

एकदा त्यांच्याकडे ठेक्याची बोलणी करायला एटापल्लीकडची मंडळी जेवायला येणार होती. मावशीने हॉल पुसला होता, पण केशवभाऊंना फरशीची चमक कमी वाटली. साबणाच्या पाण्याने परत पुसायला लावलं. मार्बलची फरशी, त्यावर साबण. स्वयंपाकघराच्या दारातच मावशी घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिला हलता येईना. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी फाटकात आली…

पुढचं मावशीच्याच तोंडून मी किती वेळा ऐकलंय. "पोरी, पडली त्याचं काई नाई वं. मानूस पडतेच. पण थो मले ओलांडून गेला! त्याचा पाय माह्या तोंडावरून गेला. अन् म्हने, जेवणं होऊ दे, मंग पाहू."

तिला ओढत मागच्या छपरीत नेऊन ठेवलं. जेवणं झाली, बोलणी झाली, पाहुणे गेले… मग कुठे दवाखाना. दवाखान्याने पोलिसांना कळवलं, तेव्हा केशवभाऊंनी सांगितलं, बाई तिच्या घरी पडली. त्यांची बायको सिंधूबाई तिथेच उभी होती, ती एक अक्षर बोलली नाही. मावशी पुन्हा उभी राहिली नाही. आमच्या मागच्या खोलीत अंथरुणावर पडून पडून गेली. शेवटी पाठीला जखमा झाल्या होत्या. त्या मीच धुवायचे. धुताना एकच विचार असायचा — हा माणूस एकदा माझ्या समोर यावा.

तो आला. म्हणजे फोन आला. कुणीतरी आमच्या दुकानाचं नाव सांगितलं होतं. "गुडघे दुखते माहे. डॉक्टर म्हणते, मार्बलवर चालू नका. हॉलमधी मऊ काई टाकून द्या." मी त्यांच्या मोलकरणीची भाची आहे हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

नितीन म्हणाला, "नको घेऊ हे काम. तुझाच जीव जळेल."

मी म्हटलं, "मले ती जागा पाह्यची आहे."

जागा पाहिली. मोठा हॉल, टोकाला स्वयंपाकघराचं दार. त्या दाराशी मी टेप धरून बसले, एकच माप दोनदा घेतलं. केशवभाऊ सोफ्यावर पाय पसरून मोबाइल बघत होते. मी सँपलचं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. सागवानी डिझाइनचं जाड, गादीसारखं विनाइल त्यांनी पसंत केलं आणि मी ते बांधून घेतलं.

नितीनने काम चोख केलं. मार्बल धुऊन कोरडा केला, सांधे भरले, रोल पसरून मोकळा होऊ दिला, मग गम लावून वरून जड रोलर फिरवला. संध्याकाळी हॉल असा दिसत होता की मलाच राग आला. इतकं सुंदर काम, आणि या माणसाच्या पायाखाली.

दुसऱ्या सकाळी सिंधूबाईंचा फोन. आवाज अगदी दबका. "ताई, दरवाज्यापाशी फुगलं तुमचं. येऊन पाह्यता का?"

आम्ही गेलो. स्वयंपाकघराच्या दारासमोर विनाइल वर आलं होतं. हवा अडकली की छोटे फोड येतात, ते नेहमीचं. हे तसं नव्हतं. लांबच लांब फुगवटा. मी मोबाइलवर फोटो काढला, तो आजही माझ्याकडे आहे. नितीनने रोलर फिरवला, सगळं सपाट झालं. "हवा होती," म्हणाला. आम्ही औजारं उचलेपर्यंत ते पुन्हा वर आलं.

मग त्याने पट्टी धरून कटरने सरळ काप घेतला आणि विनाइल उचललं. खाली काही नाही. हवा सुटल्याचा आवाज नाही, ओल नाही, खडा नाही. कोरडा ठणठणीत मार्बल. गम इतका घट्ट की सोडवताना ताकद लावावी लागली. त्याने ते परत चिकटवलं आणि आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.

आमच्या डोळ्यांदेखत ते वर आलं… सावकाश. आधी एका टोकाला गोल. मग बारीक. मग रुंद. मग खाली एक लांब सरळ, आणि एक गुडघ्यात दुमडलेलं. कुशीवर पडलेलं माणूस.

नितीन माझ्याकडे बघत होता. मी तळहात ठेवला. आत काही लागलं नाही, नुसतं मऊ.

सिंधूबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे ओट्यावर ठेवला आणि उंबऱ्यावरच बसल्या. "इथीच पडली होती थे… अशीच. अस्सा पाय दुमडून. मी पाह्यलं."

"कोण पडली होती?" मी विचारलं. मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"अनुसया."

तेवढ्यात केशवभाऊ आतल्या खोलीतून आले. "काऊन, झालं नाई का अजून? मालच खराब आहे तुमचा." सिंधूबाई म्हणाल्या, "अहो, पाहा ना जरा, हे काय दिसते." त्यांनी पाहिलं. एक क्षण चेहरा बदलला, नक्की बदलला. मग हसले. "काई नाई दिसत. फुगलं आहे, दुसरं काय?" आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाताना फुगवट्याच्या डोक्याच्या बाजूने पाय उचलून पलीकडे टाकला.

"सवय आहे तुम्हाले, केशवभाऊ," मी म्हटलं. "तेव्हाही असेच ओलांडून गेले होते."

ते वळले. "कोण वं तू?"

"अनुसयाची पोरगी समजा. तिच्या पाठीच्या जखमा मी धुतल्या. ती मरेपर्यंत तुमचा पाय विसरली नाई."

ते लाल झाले. "त्या बाईचं नाव काढू नको माह्या घरात! कुठी आहे थे? दाखव! मेली थे!" — आणि रागाने त्यांनी पाय उचलून फुगवट्यावर जोरात आपटला.

आता हे नीट वाचा. गोधडीखाली झोपलेलं माणूस कूस बदलतं ना, तसं ते हललं. पायाखालून सरकलं. नितीनने पाहिलं, मी पाहिलं. केशवभाऊ आडवे झाले. पडल्याचा आवाज लहानच आला, शेवटी ते मऊ फ्लोअरिंग, पडलं तरी लागू नये म्हणूनच लोक घेतात. पण खुब्याचं हाड मोडलं.

"सिंधू… उचल मले… सिंधू!"

सिंधूबाई उंबऱ्यावरून उठल्या. मला वाटलं धावतील. त्यांनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "चहा ठंडा झाला पाहुण्यांचा. गरम करतो. होऊ द्या, मंग पाहू."

आणि खरंच आत जाऊन त्यांनी गॅस पेटवला.

अ‍ॅम्ब्युलन्सला फोन नितीनने केला. मी जागची हलले नाही. मला त्यांची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी त्यांचा प्रत्येक शब्द ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं. स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा खाली पाहिलं, तर विनाइल सपाट. नितीनचा काप तेवढा दिसत होता.

कंपनीच्या माणसाला तो फोटो पाठवला. तो म्हणाला, जमिनीतली ओल असेल. घर भर उन्हाळ्यात भट्टीसारखं तापलेलं… ओल कुठली? मी वाद घातला नाही.

काही महिन्यांनी सिंधूबाईंनीच बोलावलं, तो काप जोडायला. केशवभाऊंचा पलंग आता हॉलमध्येच आहे. उठता येत नाही. मी पाय आत टाकला तशी ते ओरडले, "तिकून नको! भिंतीभिंतीनं ये!"

मी थांबले. "काऊन भाऊ?"

"दिसत नाई का तुले? पडून आहे ना थे. अंगावर पाय पडन तिच्या."

हॉल सपाट होता. एक सुरकुतीसुद्धा नव्हती. सिंधूबाई हळूच म्हणाल्या, "आल्या-गेल्याले असंच सांगते. दूधवाला असो का साहेब असो. कोणी मधून गेलं तर लहान लेकरासारखे रडते."

कुणी म्हणेल ओल, कुणी म्हणेल त्या माणसाचं मन त्याला खात होतं. मग आम्ही बाकीच्या तिघांनी काय पाहिलं? रोज हेच सामान विकते, रोज हाताळते, तरी मला सांगता येत नाही. भूत मी आजही मानत नाही.

पण त्या दिवशी मी भिंतीभिंतीनेच गेले, आणि तसाच वळसा घालून बाहेर आले.