मयत शिंपी चहा पितो

बाबांच्या वहीत एका पानावर असं वाक्य आहे: "मयत इसम आपल्या दुकानात चहा पीत असल्याचे आढळून आले." त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. बाबा गेल्यावर साताऱ्याचं घर आवरताना मी फारसं काही उचललं नाही. ही वही मात्र पर्समध्ये घालून अमेरिकेत, फ्रीमाँटला आणली. तिच्यात एका चिनी मालिकेचा रोजनामा आहे.

बाबा कोर्टात न्यायाधीशांच्या समोर, जरा खालच्या टेबलाशी बसणारे कारकून होते. त्या दिवशी खटल्यात कोण हजर होतं, काय झालं, पुढची तारीख कोणती, याची नोंद म्हणजे रोजनामा. तीस वर्षं तो लिहून त्यांच्या बोलण्यालाही तेच वळण लागलं होतं. कोथिंबीर आणायला विसरले, की आईनं विचारायच्या आधीच सांगायचे, "मुद्देमाल हस्तगत झाला नाही." आई म्हणायची, "मग आरोपीला जेवायला बसता येणार नाही."

आई डिसेंबरात गेली. पुढच्या वर्षी, म्हणजे २००३ च्या मे महिन्यात, मी बाबांना इकडे घेऊन आले. परतीचं तिकीट ऑक्टोबरअखेरचं होतं, म्हणजे वर्षश्राद्धाला ते वेळेवर पोचले असते. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "तिकीट बदलून मिळतं का गं? अलीकडचं?"

"तिथे कोण आहे, बाबा?"

"कोणी नाही. म्हणूनच. घर किती दिवस बंद ठेवायचं?"

त्या बंद घरात ते कसे राहत होते, ते मला शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं होतं. दोन्ही वेळा दूध-पोहे. संध्याकाळी दिवासुद्धा लावत नाहीत. "मी दारातून हाक मारली की 'झोपलो होतो' म्हणतात," काकू म्हणाल्या. मला ते तिकीट बदलायचं नव्हतं. उन्हाळा तरी आमच्याकडे काढावा, माणसात बसून जेवावं, एवढंच माझं मागणं होतं. ते सरळ बोलायची मात्र हिंमत नव्हती. आमच्या घरात अशी वाक्यं कुणी बोलत नसे.

आमच्या टाउनहाउसच्या ओळीत, तीन घरं सोडून, एक हाँगकाँगचे आजोबा मुलीकडे राहत. दुपारी ते गराजचं दार वर करून आत खुर्ची टाकून बसत. वॉशिंग मशीनवर टीव्ही, टीव्हीवर व्हीसीआर, त्यात एक चिनी पोलिसी मालिका. बाबा फेरी मारताना एकदा तिथे थबकले. दुसऱ्या दिवशी तिथे दुसरी खुर्ची होती.

आजोबांचं इंग्रजी तीन शब्दांचं. बाबांचं इंग्रजी कोर्टातलं. बाबांनी पडद्याकडे बोट करून विचारलं, "इज ही द अक्यूज्ड?" आजोबा गंभीरपणे म्हणाले, "बॅड मॅन." बाबांचं समाधान झालं. घरी येऊन त्यांनी माझ्याकडे एक कोरी वही मागितली.

आठवडाभरानं आजोबा सॅक्रामेंटोला मुलाकडे उन्हाळ्यापुरते राहायला गेले. गराज बंद. बाबा पाच मिनिटांत फेरीहून परतले आणि खिडकीशी बसून राहिले. मग म्हणाले, "ते तिकिटाचं बघ."

"आणि त्या खटल्याचं काय?"

"कुठल्या?"

"बदकवाल्याच्या खुनाच्या."

बाबा विचारात पडले. अर्धवट चाललेलं प्रकरण सोडून उठणं त्यांना जमणारं नव्हतं. "बरं," ते म्हणाले, "निकाल लागेपर्यंत थांबतो. निकाल लागला की तिकीट बदल."

आजोबांच्या मुलीनं एका कागदावर चिनी अक्षरांत मालिकेचं नाव लिहून दिलं आणि सांगितलं, ही कँटोनीज आहे, आमच्या हाँगकाँगची भाषा. तो कागद घेऊन मी चिनी दुकानांच्या प्लाझात गेले. बेकरी आणि केस कापायचं दुकान यांच्या मध्ये व्हिडिओ टेपांचं एक चिंचोळं दुकान होतं. कपाटांत पांढरे डबे, प्रत्येकावर हातानं लिहिलेली चिठ्ठी. काउंटरवरच्या बाईंनी न बोलता कपाट दाखवलं. दहा टेपा, एकेका टेपेत दोन भाग. पहिल्या तीन मला ओळखता आल्या, कारण त्यांच्यावर एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा होत्या. चौथीपासून रेघा संपल्या आणि चित्रं सुरू झाली. तेव्हा ज्या क्रमानं त्या कपाटात उभ्या होत्या त्याच क्रमानं न्यायच्या, असं मी ठरवलं. मी आठवड्यातले तीन दिवस गावच्या ग्रंथालयात बिनपगारी काम करत होते. लोकांनी कुठेही खुपसलेली पुस्तकं शोधून जागेवर लावणं, हेच ते काम. तरीही हा विचार मला सुचला, हे सांगायला आजही लाज वाटते.

दुपारी चारला चहा घेऊन आम्ही बसायचो. भाषा दोघांनाही येत नव्हती आणि खाली उमटणारी अक्षरंही चिनीच. पण फारसं अडलं नाही. ती माणसं बोलताना वाक्याचा शेवट असा ओढत, की समोरासमोर बसूनही रस्त्यापलीकडच्याला हाक मारताहेत असं वाटे. एकदा दोघं इतकी कडाडून भांडली, की आता सुरी निघणार म्हणून मी कप खाली ठेवला. मग दोघांनी मिळून एक मासा निवडला आणि हसत घरी गेली. खून मात्र कुणाला पत्ता लागणार नाही अशा शांतपणे होत.

गोष्ट एका पोलीस चौकीची. जाडे इन्स्पेक्टर सदा खात असत आणि त्यांच्यासमोरून आरोपी पळून जात. गल्लीतला भाजलेली बदकं विकणारा माणूस मारला गेला होता. संशय त्याच्या मेव्हण्यावर, न्हाव्यावर आणि स्वयंपाक्यावर. पण खरा तपास करत होती इन्स्पेक्टरांची आई. ती रोज मुलासाठी थर्मासमधून सूप आणायची आणि कोठडीतल्या माणसालाही वाटीभर द्यायची. सूप पिता पिता माणूस बोलायला लागायचा. बाबा तिच्यावर फिदा होते.

"ही बाई आमच्या कोर्टात असती, तर एक केस तुंबली नसती."

"आई नव्हती का द्यायची? पोस्टमनला, वायरमनला, सगळ्यांना ताक."

"हो, आणि सगळे सगळं सांगून जायचे," बाबा म्हणाले. आई गेल्यापासून तिचा विषय आमच्यात पहिल्यांदाच असा सहज निघाला होता. तो आम्ही तेवढ्यावरच ठेवला.

चौथी म्हणून आणलेली टेप लावली, तर पहिल्याच दृश्यात अंत्यविधी. आरोपीचा कोट ओळखू शकणारा, मिश्यांचा गमत्या शिंपी पेटीत निजला होता. घरचे सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्याची बायको हातातले कागद एकेक करून आगीत टाकत होती.

"पांढरंच घालतात," बाबा म्हणाले. "आपल्यासारखं."

त्यांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही, आणि जेवणही अर्धंच झालं. मी मनात त्या दुकानाला, टेपेला आणि स्वतःला बोल लावत राहिले. दुसऱ्या दिवशी चार वाजता ते येऊन बसतील असं मला वाटलं नव्हतं. पण आले. मी घाईघाईनं ती टेप काढून पुढची घातली.

पडदा उजळला. शिंप्याचं दुकान. शिंपी मशीनवर पाय टाकून बसलेला, मिश्या पुसत चहा पितोय.

बाबा पुढे झुकले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. "अगं," ते म्हणाले, "मयत चहा पितोय."

आणि हसू लागले. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग ठसका लागला. मी पाणी आणायला धावले, तर हातानं मला थांबवत पडद्याकडे बोट दाखवतात, कारण शिंप्यानं आता बिस्किट बुडवलं होतं. "खातोय पण!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मीही जमिनीवर बसून हसत होते. सात महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"जुळा भाऊ असेल," मी म्हटलं.

"छे. तोतया. पुणेकरांना विचार, तोतया ओळखणं किती अवघड असतं ते!" त्या दिवशी ते दोन वाट्या आमटी प्यायले. वहीतलं ते वाक्य त्या संध्याकाळचं.

तोतयावर आम्ही पुढचे तीन दिवस वाद घातला. माझा नवरा ऑफिसातून आला की त्यालाही साक्षीला बसवलं जाई. "यार, मी दिवसभर कोड डीबग करतो," तो म्हणे, "घरी आल्यावर पण तेच?"

मग टेपा परत करायला गेले, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी चिठ्ठ्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला. मी पाचवीच्या आधी सातवी नेली होती. त्यांनी उठून दहाही डबे खाली काढले आणि प्रत्येकावर आपल्या ओळखीचे आकडे लिहून दिले.

घरी येऊन मी कबूल केलं. "बाबा, तोतया नव्हता. मी टेपा उलटसुलट आणल्या. शिंपी नंतर मेला."

बाबा चक्क नाराज झाले. "तोतया बरा होता," म्हणाले. मग, "ग्रंथालयात पुस्तकं तूच लावतेस ना? लोकांना सापडतात का गं?"

आता आकडे समोर होते. चौथी, सहावी, अर्धवट सोडलेली सातवी, आठवी, नववी. जुलै संपेपर्यंत एकच टेप उरली. दुकानात तिच्यापुढे उभी राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही घरी नेली की सोमवारी तिकिटासाठी फोन करावा लागेल. बाबा आता शेजारच्या मुलांना क्रिकेट दाखवत होते, पोळीवर तूप मागून घेत होते. मी टेप जागेवर ठेवली आणि रिकाम्या हातांनी घरी आले.

"कुणीतरी नेलीय," मी म्हटलं. "दहावी नाही."

"बरं," बाबा म्हणाले आणि वही उघडली. "टेप हजर नाही. तारीख."

त्यानंतर दर शनिवारी हेच. "आली का?" "नाही, बाबा." "तारीख." तोवर मी दुसऱ्या मालिका आणल्या, त्या त्यांनी किरकोळ अर्ज म्हणून पाहिल्या. नवऱ्याला मी खरं सांगितलं, तर तो म्हणाला, "तू सरळ पुरावा दडपतेयस यार. आणि तेही कोर्टातल्या माणसापासून." सप्टेंबरातल्या एका शनिवारी गंमत झाली. दहावी टेप खरोखरच कपाटात नव्हती. आपलं खोटं एका आठवड्यापुरतं खरं झालेलं पाहून मला जरा हलकं वाटलं. पुढच्या शनिवारी ती जागेवर आली होती, आणि मी ती तिथेच राहू दिली.

ऑक्टोबर आला. तिकीट न बदलता त्याच्या तारखेला येऊन ठेपलं. बॅगा भरून झाल्यावर, निघायच्या दोन दिवस आधी, मी टेप घेऊन आले आणि ती बाबांच्या पुढ्यात ठेवली.

"बाबा, ही दुकानातच होती. मी आणत नव्हते."

बाबांनी डबा उलटसुलट करून पाहिला. "पोलिसांपुढचा कबुलीजबाब ग्राह्य नसतो," म्हणाले, "आणि या घरातले पोलीस तूच. लाव."

आम्ही बसलो. चौकीत सगळे संशयित जमले. इन्स्पेक्टरांची आई थर्मास घेऊन आली, पण तो न उघडताच सरळ बाहेर गेली आणि रोज तिच्याबरोबर पट खेळणाऱ्या गोड शेजारणीच्या दारात उभी राहिली. रस्त्यावर कसलीशी मिरवणूक जमत होती. आता काय होणार म्हणून मी श्वास रोखून पाहत होते. तेवढ्यात बाबांनी रिमोट घेतला आणि आवाज कमी केला. पुढच्याच क्षणी पडद्यावर फटाक्यांची भलीमोठी माळ तडतडू लागली.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याकडेच पाहत होते, जरा जास्तच एकाग्रतेनं.

"बाबा. माळ लागणार हे तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज."

"बाबा."

त्यांनी चष्मा काढला. आजोबा सप्टेंबरात सॅक्रामेंटोहून परतले होते. मी ग्रंथालयात गेले की बाबा गराजमध्ये जात. आजोबांच्या मुलीनं तीच टेप त्यांना आणून दिली होती, आणि टेप खरोखरच कपाटात नसलेला तो शनिवार मला आठवला. निकाल बाबांना महिन्याभरापूर्वीच ठाऊक होता.

"मग दर शनिवारी 'आली का' म्हणून विचारत का होतात?"

"रोजनाम्यात लिहावं लागतं."

"आणि तिकीट? निकाल लागला की जाणार होतात ना?"

पडद्यावर शेजारीण हातकड्या घालून सुद्धा सगळ्यांना सूप वाढत होती. बाबा वही चाळून एक पान काढत होते. ते त्यांनी माझ्यापुढे धरलं. शनिवारमागून शनिवार, एकाखाली एक, त्याच कोर्टातल्या अक्षरात: "टेप हजर नाही. मुलगी तारीख मागते. हरकत नाही." अशा ओळी पानभर होत्या, आणि पहिली ऑगस्टातली होती, म्हणजे गराज उघडायच्याही आधीची.

"एकानं तारीख मागितली," बाबा म्हणाले, "आणि समोरच्याची हरकत नसली, की कोर्ट देतं."

मी ते पान पुन्हा वरपासून वाचलं. त्यांनी टेप बाहेर काढली, डब्यात घातली, आणि म्हणाले, "अजून दोन दिवस आहेत. ती पाचवी आणतेस का परत? शिंप्याची?"

मी गाडीची किल्ली घेतली.