नाकोबाचा रुमाल

सकाळी आमच्या घरात प्रत्येकाचं काहीतरी हरवलेलं असतं. त्या दिवशी नवऱ्याचा मोजा, मुलीची पट्टी आणि माझा चष्मा हरवला होता. चष्मा माझ्याच डोक्यावर सापडला, मोजा इस्त्रीच्या कपड्यांत. पट्टीचा शोध चालू होता तेवढ्यात कुणीतरी दार ठोठावलं. ठोठावलं कसलं, बडवलंच.

दारात समोरच्या घरातली, नाकोबाची बायको. एका हातात दूध, दुसऱ्या हाताने पदर नाकाशी धरलेला.

"वहिनी, आधी शेगडी बंद करा! दिव्याच्या बटणाला हात लावू नका. आमच्याकडे गॅस भरलाय."

शेगडी बंद करून मी तिच्यामागे धावले. जिन्यातच डोकं भणभणायला लागलं होतं. आत जाऊन पाहते तर स्वयंपाकघरात नाकोबा खुर्चीवर मांडी घालून निवांत पेपर वाचत बसलेला. चहा उतू जाऊन ज्योत कधीच विझली होती आणि गॅस सुरूच होता. आम्हाला बघून तो म्हणाला, "चहाला उकळी का येत नाही कळत नाही बुवा," आणि त्याने टेबलावरचा लायटर उचलला.

बायकोने तो हिसकावून घेतला. मी खिडक्या उघडल्या. मग ती म्हणाली, "तुम्हाला वास आला नाही? तुम्हाला?"

"सर्दी झालीय."

"शिंकलात कधी ते सांगा."

नाकोबाने माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाला, "त्या मोठ्या तापानंतर गेलाय. येईल परत. पण वहिनी, गॅरेजवर कळता कामा नये. माझं सगळं या नाकावर उभं आहे."

हे त्याने मला बजावलं. बायकोला बजावलं नाही. ती आपलीच आहे, तिला काय सांगायचं, असं त्याने धरलं, आणि तिथेच फसला.

नाकोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. गल्लीच्या तोंडाशी त्याच्या साडूचं, म्हणजे मेहुणीच्या नवऱ्याचं, मोटरसायकलींचं गॅरेज आहे. पाटीवर नाव साडूचं, गिऱ्हाईक नाकोबाचं. गाडीच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचा मेळ बसवावा लागतो, हे मी त्याच्याकडूनच ऐकलं. पेट्रोल जास्त झालं की धूर डोळ्यांना झोंबतो आणि गाडी जड चालते. तिला तो म्हणायचा "प्यायलेली". पेट्रोल कमी पडलं की इंजिन नको तितकं तापतं, ती "भुकेली". इतर कारागीर हे ओळखायला प्लग काढून त्याचा रंग बघतात. नाकोबा धुराच्या नळीमागे पांढरा रुमाल धरायचा, मुठीत दाबायचा, मग त्याचा कोपरा नाकाशी नेऊन डोळे मिटायचा. भोवतीची माणसं श्वास रोखून उभी. "खाली ठीक आहे. वरच्या वेगाला जरा भुकेली आहे." अन् तसंच निघायचं. प्लग काढणाऱ्यांना तो हसायचा. "ज्यांना नाक नाही त्यांनी डोळे फोडावेत," असं भर गॅरेजात म्हणायचा.

माणूस गोड होता असं मी म्हणणार नाही. देवाने दिलेलं नाक तो जिथेतिथे खुपसायचा. जिन्यावरून जाताना ओरडायचा, "वहिनी, खाली लागलं हो!" आणि खरंच करपलेलं असायचं. पाहुण्यांसमोर बायकोला सांगायचा, पडदे कुबट झालेत. मेहुणीच्या तान्ह्या बाळाला कुशीत घेऊन म्हणायचा, "याला धुतलंय की नुसतं पुसलंय?" आणि एकदा, सासऱ्यांच्या घरी सगळे जमलेले असताना, साडूच्या खांद्यावर हात टाकून, हुंगून, हसत मोठ्याने विचारलं होतं, "काय रे, आज सकाळपासूनच?" सासरे कडक. त्या दिवसापासून ते धाकट्या जावयाशी बोलले नाहीत. पुढे वारले, तेही न बोलताच. नाकोबा ते विसरून गेला. बोलणारा विसरतो.

तर, गॅसची गोष्ट बायकोने दुपारपर्यंत कशीबशी पोटात ठेवली. मग बहिणीला फोन केला. "कुणाला सांगू नकोस हं," असं म्हणून सांगितलं, म्हणजे संध्याकाळी साडूपर्यंत पोहोचणार हे ठरलेलंच.

दुसऱ्या दिवशी साडूने एक नासकं अंडं नाकोबाच्या पान्यांच्या पिशवीत फोडून ठेवलं.

दिवसभर नाकोबा त्या पिशवीत हात घालत होता. पाना काढायचा, पुसायचा, परत ठेवायचा. दुपारी पिशवी उशाशी घेऊन बाकावर आडवाही झाला. येणारे-जाणारे नाकाला रुमाल लावून माना फिरवत होते, खांदे गदगदत होते, आणि हा आपला प्रत्येकाला विचारतोय, "काय झालं? कसला विनोद?" साडू म्हणाला, "काही नाही दादा, आज हवाच छान सुटलीय."

घरी आल्यावर बायकोने पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवायला लावली. तेव्हा त्याला कळलं. नळाखाली एकेक पाना धूत तो कितीतरी वेळ उभा होता. मी माझ्या खिडकीतून बघत होते. पाना धुतला की नाकाशी न्यायचा. सवयच ती. न्यायचा आणि तसाच खाली ठेवायचा.

दुसरा कुणी असता तर त्याने दुसऱ्याच दिवशी प्लग काढायचा पाना हातात घेतला असता. काम चाललं असतं. पण आयुष्यभर ज्याला हसलो तेच आता चारचौघांत कसं करायचं? नाकोबा रुमालच धरत राहिला. डोळे चुरचुरले तर प्यायलेली, नाही चुरचुरले तर ठीक, आणि बाकी समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज. साध्या गाड्यांना तेवढं पुरत होतं.

मग दातांच्या डॉक्टरांची गाडी आली.

मोठी, काळी, दिसायलाच दांडगी. डॉक्टरांनी तिला मोकळा सायलेन्सर आणि मोठा फिल्टर बसवून घेतला होता. त्यामुळे हवा जास्त आणि पेट्रोल तेवढंच. ते वाढवायला त्यांनी बाहेरून एक कंट्रोलर मागवला होता. साबणाच्या वडीएवढी काळी डबी. डॉक्टर माणूस हौशी, बोलका. "तुम्ही इंजेक्शन द्या, मी बसतो आ करून," म्हणाले. सगळे हसले.

माझ्या स्कूटरचं पंक्चर काढायला टाकलं होतं म्हणून मी तिथेच फाटकापाशी उभी होते. खरं सांगायचं तर बघण्यासारखं काम होतं. नाकोबाने सीट काढली, टाकी उचलून गोणपाटावर अलगद निजवली. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या वायरीचा सांधा सोडवला आणि डबीच्या दोन वायरी मधोमध जोडल्या, दोन भांडखोर भावांमध्ये समजूतदार बहीण बसवावी तशा. काळी वायर बॅटरीच्या टोकाला कसली. सगळ्या वायरी तापणाऱ्या भागांपासून लांबून नेल्या, बांधल्या, डबी सीटखाली चिकटवली. धुराच्या नळीतला सेन्सर काढून तिथे टोपण बसवलं. "हा मध्ये लुडबुड करतो," म्हणाला. हात त्याचे तेच होते. हातांना काही झालेलं नव्हतं.

डबीवर तीन बारीक स्क्रू होते: एक सावकाश चालीचा, एक मधल्या चालीचा, एक भरधाव वेगाचा. गाडी सुरू केली. नाकोबाने रुमाल धरला, दाबला, हुंगला, डोळे मिटले. डॉक्टर कौतुकाने बघत होते. मग डोळे उघडून त्याने साडूला बाजूला घेतलं. त्या माणसाला ते किती जड गेलं असेल, हे त्याच्या मानेवरून दिसत होतं.

ते काय कुजबुजले ते मला तेव्हा ऐकू आलं नाही. पुढे कळलं. नाकोबाने विचारलं होतं, "खरं सांग रे, कशी आहे?" साडूने डोळे पुसल्यासारखं केलं. "प्यायलीय दादा. पार तर्र. कमी कर."

नाकोबाने स्क्रू मागे फिरवला. साडूने पुन्हा मान हलवली. आणखी फिरवला. "अजून जरा. हां." डॉक्टरांना घाई होती. त्यांनीच विचारलं, "प्लगबिग बघायचा असतो ना?"

साडू मोठ्याने हसला. "ह्यांना? प्लग? डॉक्टर, ह्यांचं नाक आहे ते!"

सगळे नाकोबाकडे बघायला लागले. पाना हाताशी होता. त्याने रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "न्या."

मी गाडीच्या मागच्या बाजूला उभी होते. धूर माझ्या अंगावरूनच गेला. रिकामं भांडं आचेवर राहिलं की येतो तसला, कोरडा वास होता. डोळ्यांना काही झोंबलं नाही. त्याचा अर्थ मला तेव्हा कळण्याचं कारण नव्हतं. माझी स्कूटर झाली होती, मी घरी आले.

मोठ्या रस्त्यावर, भरधाव असताना, भुकेलं इंजिन तापून जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी थांबलं. डॉक्टर वाचले, पण उजवं मनगट असं मोडलं की हाडांत खिळे घालावे लागले. दात काढणाऱ्या माणसाचा उजवा हात.

हात गळ्यात बांधून ते गॅरेजवर आले तेव्हा नाकोबाची बायको डबा द्यायला गेली होती. तिने हे पाहिलं. डॉक्टरांनी आरडाओरडा केला नाही. डाव्या हाताने खिशातून एक रुमाल काढून नाकोबासमोर धरला. "घ्या वास. सांगा काय आहे."

नाकोबाने हुंगला. डोळे मिटले. चाळीस माणसांत उभा असल्यासारखा घामाघूम झाला. "पेट्रोल," म्हणाला. "जरा... जास्त आहे."

रुमाल लवंगेच्या तेलात भिजवलेला होता. दारात उभ्या बायकोलाही तो वास येत होता. कुणी हसलं नाही. "हसले असते तर बरं झालं असतं," असं ती मला म्हणाली.

डॉक्टर साडूकडे वळले. साडूने हात जोडले. "माझं चुकलं डॉक्टर. घरचा माणूस म्हणून ठेवला. गाडीला पेट्रोलचा वास येत होता हे खरं, मीच म्हणालो जरा कमी कर. पण किती कमी करायचं ते ह्यांच्या हातात. नाक तर गेलंच होतं, ह्यांचा हात पण गेला म्हणायचा आता."

तेव्हापासून नाकोबा गाड्या धुतो. गमबूट, हातात पाण्याचा पाइप. पान्यांची पिशवी साडूने कपाटात ठेवून कुलूप लावलं. ज्या गिऱ्हाइकांना तो "प्यायलेली, भुकेली" सांगायचा, ती आता त्याला दुरूनच सांगतात, "चाकाखालचा चिखल पण काढ हं." घरी बायको म्हणते, "नाक होतं म्हणून तोंड खपवून घेतलं. आता नाकही नाही, तर निदान तोंड तरी बंद ठेवा." ते त्याने ठेवलंय. आमच्या घरात काहीही करपलं तरी जिन्यातून आवाज येत नाही.

साडूने काय केलं ते मला तिनेच सांगितलं, जिन्यात, कपडे वाळत घालायला जाताना. धाकट्या बहिणीने तिला हसत हसत सांगितलं होतं. "त्याला वाटलं, गाडी फटफट करेल, चारजण हसतील, एवढंच. इंजिन बसेल हे त्याच्या मनातही नव्हतं. आता जे झालं ते झालं. यांना कळलं तर हे तिथून उठतील, आणि मग जातील कुठे? वहिनी, तुम्हीही काही ऐकलेलं नाही." असं म्हणून तिने चादर झटकली आणि माझ्यासमोरच दोरीवर टाकली.

त्यामुळे आता जिन्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एकट्या नाकोबाला. त्याच्या हातानेच घात केला असं तो धरून चाललाय. परवा त्याला मी अंगणात बघितलं. सायकलचा एक नट तो घट्ट करायचा, सोडवायचा, पुन्हा घट्ट करायचा आणि मग आपलाच हात उलटासुलटा करून बघायचा.

आज सकाळी पुन्हा दार वाजलं. हळूच. नवरा मोजे शोधत होता म्हणून मीच उघडलं.

नाकोबा होता. गमबूट दाराबाहेर काढून अनवाणी उभा. आत या म्हटलं, तर आला नाही. मागे वळून आपल्या घराचं दार बंद आहे ना ते पाहिलं.

"वहिनी, घाईत असाल तर नंतर येतो."

"नाही भाऊजी, बोला."

"आमचा साडू म्हणतो, त्या दिवशी डॉक्टरांच्या गाडीला पेट्रोलचा वास होता. असेलही. होता, तर माझा हात चुकला. मग मी हा पाइपच धरतो, तक्रार नाही. पण नसेल..." त्याने खिशातून घडी घातलेला पांढरा रुमाल काढला, नुसताच चाचपला आणि परत ठेवला. "माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा उरलेला नाही, पण नळीमागे तुम्ही उभ्या होतात. तुमचा कुणाशी हेवा ना दावा. इतकी वर्षं मी तुम्हाला सांगत आलो, खाली लागलं, लागलं म्हणून. आता एकदा तुम्ही मला सांगा. त्या धुराने तुमचे डोळे झोंबले होते का, तेवढं फक्त खरं सांगा."