जमादाराची डुलकी

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या गावात हलगी वाजली. प्यायला पाणी नव्हतं, पण हलगी होती. कोर्ट लातूरला आलं, तुरुंग मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिला, आणि त्या तुरुंगात माझे बाबा.

गुन्हा असा. दुष्काळात सरकारी विहिरीला कुलूप घातलेलं, आणि आमच्या बुद्धवाड्याची पाळी सगळ्यांच्या शेवटी. त्या दिवशी किल्लीवाला किल्ली खिशात घालून नव्या जिल्ह्याचा सोहळा बघायला गेला. दुपारपर्यंत वाट बघून बाबांनी कुलपावर धोंडा घातला. वाड्याला पाणी मिळालं, बाबांना हातकडी. जामीन लगेच मंजूर झाला हो! फक्त जमीनवाला जामीनदार आणा म्हणाले. गावातले जमीनवाले म्हणजे किल्लीवाल्याचेच भाऊबंद. आता बोला.

तारखा पडायच्या, पण बाबांना कोर्टात आणायला पोलीस मोकळे नसायचे. नव्या जिल्ह्यात रोज कशाचं तरी उद्घाटन, रोज बंदोबस्त. शेवटी ऐन उन्हाळ्यात एक जमादार मिळाला. लातूरच्या वाटेवर आमचा फाटा लागतो. जमादार तिथं उतरला आणि बाबांना घेऊन सरळ आमच्या घरी जेवायला आला. तेव्हाची रीतच होती ती. कैद्याला न्यायचं आणि कैद्याच्याच घरी जेवायचं.

बाबांचा उजवा हात जमादाराच्या डाव्या हाताला जखडलेला. आई कंधारची, जिभेनं तिखट. तिनं ताटं मांडली आणि भाकरीची टोपली मांडीवर घेऊन बसली.

"आधी त्यांचा हात सोडा."

"ताई, नौकरी जाईल माझी."

"मंग नौकरीच खावा. बैलाचंबी मुसकं काढून वैरण टाकतो आम्ही."

जमादारानं कडी काढली. दोघं पोटभर जेवले, आणि जमादार भिंतीला टेकून जो घोरायला लागला, की विचारू नका. दारात शेजारी जमले. "पळ की लेका, बघतोस काय!"

"पळून जाऊ कुठं?" बाबा म्हणाले. "घर तर हेच हाय." घटकाभरानं त्यांनीच जमादाराचा खांदा हलवला. "साहेब, उठा. मोटार चुकंल."

आई आणि मीही त्याच मोटारीनं लातूरला गेलो. रस्ताभर जमादार आपल्या लहान लेकरांचं सांगत होता. कोर्टात आमच्या वकिलानं विनंती केली, की जामीनदार नको, यांच्या शब्दावर सोडा. सरकारी वकील म्हणाले, "आरोपी फरार होण्याची दाट शक्यता आहे."

"होणार नाही कशावरून?" न्यायाधीशांनी आमच्या वकिलाला विचारलं.

उत्तर खाकी कपड्यात दाराशी उभं होतं, स्वतःच्या बुटांकडे बघत. आई ताडकन उठली. बाबांनी तिच्याकडे बघून हळूच मान हलवली. नको. आई बसली. इतका राग मला सरकारचाही कधी आला नव्हता, जितका त्या घडीला बाबांचा आला. दुसऱ्याच्या लेकरांची काळजी, आणि आम्ही कोण?

अर्ज नामंजूर झाला.

व्हरांड्यात जमादार बाबांना पुन्हा कडी घालायला लागला. पण त्याच्यानं खटका काही केल्या बसेना. तो खाली मान घालून नुसताच झटत राहिला.

"सरका, साहेब," बाबा म्हणाले, आणि डाव्या हातानं दाबून स्वतःची कडी त्यांनी स्वतःच लावून घेतली.