मुखवट्यांच्या गर्दीत

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याइतकं वाचन नाही, तरी लिहितोय, माफ करा.

माझ्या मोठ्या भावाला तेलुगू सिनेमातला एक नायक फार आवडायचा. त्याच्या सिनेमात जग उद्ध्वस्त झालेलं, पाण्यासाठी माणसं एकमेकांना मारतात आणि हा कोणाचाच न होता, कोणाशी न बोलता एकटा फिरतो.

"त्याले कोनाचीच गरज नाही," भाऊ म्हणायचा.

"मंग त्याले जेवू कोन घालते?" आई वांगी निवडत विचारायची.

पुढे भाऊही तसाच अबोल झाला. सिनेमात मारामारीची कामं करायला हैदराबादला गेला आणि त्यानं घरी फोन करणं सोडलं. त्या नायकाच्या नव्या सिनेमात आपण मुखवटा घालून मार खातो, एवढाच निरोप एकदा आला.

सिनेमा आदिलाबादला लागला तसा मी आईला आमच्या मावला गावाहून घेऊन गेलो. सगळे मुखवटे सारखेच होते. त्यातला एक पडला आणि आईनं माझा हात घट्ट धरला.

"हाच आपला. त्याची चाल वळखते मी."

नायक त्याला ओलांडून पुढे गेला. आई घरी येईपर्यंत रडत होती. पण लेक दिसला, असं नंतर शेजाऱ्यांना सांगतही होती.

काल भावाचा फोन आला. त्याचा प्रसंग सिनेमातून कापून टाकला होता.