मिस्त्रींची हलकी गाडी

हातात काहीही दिलं की मिस्त्री आधी ते तळव्यावर तोलून बघायचे. चहाचा कप, किल्ल्यांचा जुडगा, एकदा तर माझ्या भाचीचं तान्हं बाळ. मग डोळे बारीक करून विचारायचे, "ताई, किती भरंल?" आपण तोंड उघडायच्या आत आकडाही स्वतःच सांगायचे. तो बहुतेक वेळा बरोबर असायचा.

केडगावच्या पुढे, पुणे रस्त्याला माझा वजनकाटा आहे. कांद्याचे ट्रक, पेंडीचे टेम्पो येतात, पावती घेतात, जातात. काट्यापासून दोनशे पावलांवर मिस्त्रींचं लेथचं दुकान. माणूस कर्जतकडचा, पन्नाशी ओलांडलेला, कामाला चोख. ट्रॅक्टरचा शाफ्ट करून दिला की पुन्हा त्याच्याकडे बघायला नको. पण दुकानामागे ताडपत्रीखाली एक जुनी छोटी मोटार होती, आणि तिथे मात्र सगळा हिशेब सुटायचा. असे लोक तुम्हीही पाहिले असतील. भाजी घेताना चार हातगाड्या फिरतात आणि छंदाच्या बाबतीत किंमतसुद्धा विचारत नाहीत.

पुण्याच्या बाजूला वर्षातून एकदा मातीवर गाड्यांची शर्यत होते. मिस्त्री दोनदा धावले, दोन्ही वेळा शेवटून दुसरे आले. गाडी जड आहे, हे त्यांचं निदान. मागची सीट काढली, जादा चाक काढलं, ते फुकटात झालं. मग फायबरचं बॉनेट आणि काचांऐवजी प्लास्टिक मागवलं. ते फुकटात नव्हतं.

मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही सत्तर किलो भरता, तुम्हीच पाच किलो कमी करा की."

"मग मटन कोन खाईल, ताई?"

त्यांचा डबा घेऊन येताना वहिनी माझ्या केबिनमध्ये दोन मिनिटं टेकायच्या. "कपाटाचं दार सहा महिनं झालं लोंबतंय, आन् ह्यांना मोटार बारीक करायचीय," असं म्हणत पंख्याखाली वारा घ्यायच्या.

बॉनेट आणि काचा बसल्या त्या दिवशी गाडी काट्यावर आली. सीट आणि जादा चाक काढल्यानंतरची आधीची पावती सातशे तीसची होती. आता आकडा आला सहाशे चाळीस. नव्वद किलो! मिस्त्रींनी रांगेतल्या सगळ्या ड्रायव्हरांना भेळ खाऊ घातली. मग मला हळूच सांगितलं की आता फायबरची दारं करायची. त्यासाठी मोठा लेथ विकायचा ठरलाय, गिऱ्हाईक उद्या येणार.

"शाफ्ट कशावर करणार मग?"

"धाकट्या लेथवर बारीकसारीक कामं करीन. ताई, एका बॉनेटात नव्वद उतरलं. दारांनी तर गाडी उडंल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावत्यांच्या नकला लावत बसले होते. त्यांच्या दोन्ही पावत्या शेजारी आल्या आणि माझा हात थांबला. पहिलीवर लिहिलं होतं, 'चालकासह'. दुसरीवर, 'चालकाविना'. पहिल्या वेळी गाडी बंद पडली तर परत सुरू व्हायची नाही, म्हणून ते आत बसून राहिले होते. काल मात्र उतरून माझ्या खिडकीला नाक लावून उभे होते.

ड्रायव्हर दोन्ही वेळा आत पाहिजे, नाहीतर दोन्ही वेळा बाहेर. काट्यावरची ही पहिली गोष्ट. ट्रकवाले मुद्दाम हे करून बघतात आणि माझ्या शिव्या खातात. इथे कुणी काही केलं नव्हतं, आणि मीच फसले होते. आकडाही मीच ओरडून सांगितला होता.

केबिनला कडी घालून मी चालत निघाले. दुकानासमोर टेम्पो लागलेला होता, लेथला साखळी बांधून झाली होती.

"मिस्त्री, थांबवा ते. नव्वदातले सत्तर किलो तुम्ही आहात."

त्यांनी दोन्ही पावत्या उजेडात धरल्या. दोनदा वाचल्या.

"मंजी बॉनेट आन् काचा मिळून वीसच?"

"वीस. काटा दहादहानं सरकतो, त्यामुळे पंधराही असतील."

पावत्या त्यांनी मला परत दिल्या. टेम्पोवाला घाई करत होता. मिस्त्री म्हणाले, "काल सांगायचं न्हाई का ताई, भेळ तरी वाचली असती." मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "साखळी सोडा भाऊ. न्हाई विकायचा."

त्या वर्षी लोखंडी दारांनिशी शर्यतीला गेले आणि शेवटून तिसरे आले. येताना माझ्यासाठी पेढे आणले. "एक नंबर वर सरकलो, ताई!"

दोन वर्षांपूर्वी मिस्त्री गेले. सकाळी दुकान उघडता उघडता छातीत कळ आली, तेवढंच. मोठा लेथ अजून फिरतो. वहिनींनी कारागीर ठेवलाय, घर त्यावरच चालतं.

गाडी मात्र कुणाला चालवता येईना, म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी भंगारात द्यायची ठरवली. भंगारवाला ती टेम्पोत चढवून काट्यावर घेऊन आला. वहिनीही सोबत आल्या होत्या. टेम्पोचं वजन वजा करून मी आकडा सांगितला, तसं त्याचं तोंड उतरलं.

"मावशी, नुसती पोकळ हाय की ही. एवढ्या गाडीचं एवढंच वजन?"

वहिनी पायरीवर उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "पोकळ न्हाई. हलकी हाय. लई खर्चानं केलीया."