भटारखान्यामागचा प्लग

आमची गाडी विजेवर चालते आणि आमचे अण्णा वीज वाचवतात. एका घरात या दोन गोष्टी सुखानं नांदू शकत नाहीत, हे मला भाचीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी कळलं.

आम्ही राहतो नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. गाडी उभी असते खाली. म्हणून गॅलरीतून एक जाडजूड वायर खाली सोडली आहे. (समोरच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कपडे वाळत घालायला का हो?") रात्री वायर जोडायची की सकाळी गाडी फुल! पेट्रोल पंपावरच्या रांगेकडे मी तेव्हा दयाबुद्धीनं बघत असे. आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, झोपण्यापूर्वी घरभर फिरून दिसेल ते बटण बंद करतात. फ्रिज तेवढा सुटतो, तोही आईनं एकदा आकांडतांडव केल्यामुळे.

मुक्ता माझ्या ताईची मुलगी. तिचं लग्न खडकवासल्याच्या बाजूला एका लॉनवर होतं. लग्नात मुलीला बोहल्यावर मामा आणतो. मी म्हटलं, बोहल्यापर्यंत मीच आणणार तर घरापासूनच का नको?

"आवाज नाही, धूर नाही. नवरी कशी अलगद पोचेल!" मी म्हणालो.

"पोचेल ना पण?" ताईनं विचारलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली. पडद्यावर आकडा आला, अठरा टक्के! मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेलो.

"अण्णा, गॅलरीतलं बटण कोणी बंद केलं?"

"मी. लाल दिवा नुसता जळत होता. वीज काय तुझ्या सासऱ्यांकडून येते?"

"अहो, रिक्षा बोलवू का?" नीलिमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, फार गोड आवाजात विचारलं. या आवाजाला मी जास्त घाबरतो. पण घाबरलो म्हणून कबूल कसं करायचं? आदल्या रात्रीच आमच्याकडे आलेल्या ताई-मुक्तासकट मी सगळ्यांना गाडीत कोंबलं आणि निघालो.

एसी बंद. काचाही बंद! (खिडकी उघडली की वारा आत शिरून गाडीला मागे ओढतो, असं मी कुठंतरी ऐकलं होतं.) बाहेर ऐन मे महिना, आत शालू नेसलेली नवरी, पैठणी नेसलेली ताई आणि सगळ्यांचं बारीक लक्ष माझ्या मानेवर. वीज वाचावी म्हणून मी सिंहगड रोडवर एकदाही हॉर्न वाजवला नाही. पुण्यात! हा माणूस आजारी असणार असं समजून लोक मला वळसा घालून जात होते.

"मामा, माझा मेकअप वितळतोय," मुक्ता रडवेल्या आवाजात म्हणाली.

"थोडं सोस गं. पुढं उतार आहे, उतारावर गाडी आपोआप चार्ज होते!"

"आणि चढावर आम्ही उतरू का?" नीलिमा म्हणाली. "नवरीलाही जरा ढकलायची सवय होईल. संसारात लागतेच."

पोचलो मात्र! पाच टक्के शिल्लक ठेवून पोचलो. आता मंगलकार्य होईपर्यंत गाडी चार्जिंगला लावून ठेवली की परतीची चिंता मिटली. सगळं लॉन पालथं घातल्यावर मोठ्या पिनेचा एकच प्लग सापडला, तो भटारखान्यामागे. आणि तिथं आधीच एक पांढरी गाडी निवांत वीज पीत उभी! मी मनाशी विचार केला की ही असणार कुणातरी स्थानिकाची. तिची बॅटरी आतापर्यंत भरत आलीच असेल. आपल्याला तर लग्न पार पाडायचंय. मी तिची वायर काढली, माझी लावली आणि फेटा सावरत मंडपात गेलो.

थोड्या वेळानं सहज बघायला आलो, तर माझी वायर जमिनीवर आणि पांढरीची प्लगात! मी पुन्हा बदलली. मुक्ता गौरीहर पुजायला बसली तसा मी परत एक चक्कर मारली. तर पुन्हा तेच! संताप अनावर झाला. कढईआड दबा धरून बसलो. (कांदाभजी तळत होते, म्हणून चारदोन खाल्लीही.) तेवढ्यात एक फेटेवाले गृहस्थ आले, इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्या वायरीला हात घातला.

"सोडा! वायर सोडा आधी!" मी ओरडलो.

"हां! म्हणजे ते उद्योग तुमचे होय?" गृहस्थ गरजले. "अहो, साताऱ्याहून घाट चढून आलोय. गाडीत थेंब राहिला नाही!"

"मग घरून भरून निघायचं. आम्ही नाही निघालो?" (अठरा टक्क्यांवर.)

"आम्ही मुलाकडची माणसं हाय. मान आमचा पहिला!"

"मान पंगतीत असतो. प्लगला कसला आलाय मान?"

"पाव्हण्याच्या तोंडचा प्लग काढता? ही पुण्याची रीत व्हय?"

पुण्याचं नाव निघाल्यावर मला मोठेपणा दाखवणं भाग होतं. मी भटारखान्यातून एक एक्स्टेन्शन बोर्ड ओढून आणला आणि दोन्ही गाड्या एकदम लावल्या. फट्! पंखे थांबले, सनई थांबली, ज्यूसचं मशीन थांबलं. मग चूक कुणाची, यावर आम्ही घसा फोडून भांडू लागलो.

मंडपात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. गुरुजी बंद माइकमध्ये ओरडत होते, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" मामा नाहीत. "बरं, मुलाच्या मामांनी मुलाला आणावं!" तेही नाहीत. मुहूर्त तोंडावर आलेला आणि ताईनं डोळ्यांना पदर लावलेला.

अखेर नीलिमा भटारखान्यामागे आली. आधी तिनं मला पाहिलं, मग त्या गृहस्थांना.

"अहो, मुलीचे मामा हरवलेत म्हणून सगळे शोधतायत," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून, "आणि आपण मुलाचे मामा ना? आपणही हरवलेलेच आहात."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. माझी वायर त्यांच्या हातात होती, त्यांची माझ्या.

धावलो! मुक्ता गौरीहराजवळ बसून दाराकडे बघत होती. मला पाहून तिचा चेहरा एकदम उजळला. या पोरीला बोहल्यावर आणायचं मी ती पाळण्यात असल्यापासून ठरवलं होतं, आणि मी वायर ओढत बसलो होतो! मला स्वतःचीच लाज वाटली. तिचा हात धरून मी तिला घेऊन आलो.

"या," गुरुजी म्हणाले. "झालं चार्जिंग?"

मंगलाष्टकं माइकविना झाली. अंतरपाट दूर झाला तेव्हा मुक्तामागे मी आणि नवऱ्यामागे सातारकर, असे आम्ही समोरासमोर. फोटोत नवरा-नवरी लाजून हसतायत आणि मागं दोन मामा एकमेकांना गिळायला निघालेत.

खरी मजा पाठवणीला आली. नवरा-नवरीला खराडीला, सासरी, ज्या गाडीतून जायचं होतं, ती हीच पांढरी गाडी! सातारकरांनी भाच्यासाठी हौसेनं आणलेली. आणि आता ती जागची हलेना. शेवटी मुक्ता वऱ्हाडाच्या मिनीबसमधून सासरी निघाली. मी शरमेनं मान वर करत नव्हतो. तिनं गळ्यात पडून कानात सांगितलं, "जाऊ दे मामा. बसला एसी तरी आहे."

नीलिमा मात्र ताईच्या यजमानांनी आणलेल्या पेट्रोलच्या गाडीत बसली. "पोचलात की कळवा," ती म्हणाली. "घाई नाही."

वीज पुन्हा आली. प्लग मात्र एकच. आळीपाळीनं लावायचं ठरलं, पण आपण चहाला गेलो की दुसरा वायर काढणार याची दोघांनाही खात्री! म्हणून प्लगाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या टाकून आम्ही बसून राहिलो. मांडव उतरला, खुर्च्यांच्या थप्प्या लागल्या, उरल्या त्या आमच्या दोन. लॉनचा मॅनेजर त्याही न्यायला आला. आमच्या चुरगळलेल्या फेट्यांकडे बघून त्यानं विचारलं, "साहेब, तुम्ही मुलीकडचे की मुलाकडचे?"

मी मान खाली घालून म्हणालो, "प्लगकडचे."